नरक्याचं लाकूड आणि नंदुरबारचे वाणी

पश्चिम घाटात पावसाळ्यात नरक्या फुलला की दिसण्याआधी वासाने कळतो. राधानगरीपासून आंबोलीपर्यंत आणि वर कोयना-महाबळेश्वरच्या पट्ट्यात, सदाहरित रानाच्या कडेला हे मध्यम उंचीचं झाड उभं असतं. पानं तळहाताहून मोठी, साल फिकट राखाडी, फांद्यांच्या टोकाला पिवळट बारीक फुलांचे गुच्छ. त्या गुच्छाजवळ नाक नेलं की कुजका दर्प येतो. सहलीला आलेल्या माझ्या विद्यार्थिनी ओढणी नाकाला लावून दोन पावलं मागे सरतात. काही ठिकाणी याला अमृता असंही म्हणतात. शास्त्रीय नाव नोथापोडायटिस निम्मोनियाना, जुन्या पुस्तकांत मॅपिया फिटिडा. यातला निम्मो म्हणजे मुंबईचे वनस्पती-संग्राहक जोसेफ निम्मो. मुंबई इलाख्याच्या टपाल खात्यातले अधिकारी जॉन ग्रॅहम यांनी इथल्या वनस्पतींची सूची करायला घेतली. ती छापून होत असतानाच, १८३९ मध्ये ग्रॅहम खंडाळ्याला वारले आणि उरलेलं काम निम्मोंनी पुरं केलं. आपल्या रानाची मोजदाद अशी एका टपालवाल्याने आणि त्याच्या मित्राने केली, हे मी दरवर्षी वर्गात मुद्दाम सांगते.

मी औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयात फार्माकॉग्नोसी शिकवते. झाडापासून औषधापर्यंत जाणारी वाट, हा माझा विषय. पाठ्यपुस्तकात ही वाट फार सरळ असते: झाड, त्याचा अर्क, अर्कातला रेणू, रेणूचं इंजेक्शन. नरक्याच्या लाकडात कॅम्प्टोथेसिन नावाचा रेणू आहे. कर्करोगावरची दोन मोठी औषधं त्याच्यापासून होतात. त्याची वाट मात्र सरळ नाही. ती १९६६ मध्ये मोकळी झाली, १९७२ च्या सुमारास बंद पडली आणि १९८५ पर्यंत बंदच राहिली. मुलांना शिकवायचा खरा भाग मला हा बंद काळ वाटतो. त्या काळात रेणू बाटलीत होता, त्याची रचना छापून आली होती, तो कर्कपेशी मारतो हेही ठाऊक होतं. तरीही तो औषध नव्हता.

सुरुवात अमेरिकेत झाली आणि तीही कर्करोगापासून नव्हे. १९५० च्या दशकात कॉर्टिसोन हे नवं औषध गाजत होतं. ते स्वस्तात बनवण्यासाठी कच्चा माल देणाऱ्या वनस्पती हव्या होत्या. तिथल्या कृषी खात्याच्या फिलाडेल्फियातल्या प्रयोगशाळेत मनरो वॉल हे रसायनशास्त्रज्ञ हजारो झाडांचे अर्क तपासत होते. राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे जोनाथन हार्टवेल एकदा तिथे आले आणि म्हणाले, तुमच्या साठ्यातले अर्क आम्हाला द्या, ट्यूमरवर लावून बघतो. वॉलनी हजारभर अर्क दिले. त्यांत कॅम्प्टोथेका ॲक्युमिनाटा या चिनी झाडाच्या अर्काचा परिणाम ठळक होता. कृषी खात्यात राहून कर्करोगाच्या मागे लागता येईना, म्हणून वॉलनी १९६० मध्ये नोकरी बदलली. उत्तर कॅरोलिनात नुकत्याच निघालेल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी नैसर्गिक पदार्थांची प्रयोगशाळा उभी केली. तिथे १९६२ मध्ये मनसुख वाणी येऊन मिळाले.

वाणींचा जन्म २० फेब्रुवारी १९२५ चा, नंदुरबारचा. तेव्हाचा पश्चिम खानदेश. मीही त्याच भागातली, शहाद्याकडची. त्यामुळे हे नाव मला पहिल्यांदा एका इंग्रजी शोधनिबंधाच्या पहिल्या ओळीत भेटलं तेव्हा झालेला आनंद मी लपवणार नाही. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्रात एम.एस्सी., मग मुंबईत अध्यापन, मग तिशी उलटून गेल्यावर अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात डॉक्टरेट. संशोधनाच्या जगात हे वय उशिराचं. आयुष्यभराचं काम त्यांनी चाळिशीच्या आसपास सुरू केलं आणि पुढची कित्येक दशकं त्याच संस्थेत केलं. नंदुरबारला हुतात्मा शिरीषकुमारचं स्मारक आहे आणि तो मान त्याचाच आहे. पण गावातल्या शाळकरी मुलांना मनसुख वाणी कोण हे विचारून बघा.

त्यांनी केलं काय, ते जवळून बघण्यासारखं आहे. झाडाची साल कुटून अर्क काढला की त्यात शेकडो पदार्थ असतात. त्यांतला नेमका कोणता कर्कपेशी मारतो? रंग, वास, चव, काहीच सांगत नाही. एकच मार्ग: अर्काचे दोन भाग करा, दोन्ही उंदरांना टोचून बघा, जो भाग काम करतो तो ठेवा, दुसरा बाजूला. उरलेल्याचे पुन्हा भाग, पुन्हा उंदीर. ल्युकेमिया झालेले उंदीर ठरलेल्या दिवसांत मरतात. टोचल्यावर ते जितके दिवस जास्त जगतील, तितकं त्या भागात औषध जास्त. नमुने बाहेर पाठवायचे आणि उत्तराची वाट बघायची. ते यायला आठवडे लागत.

कॅम्प्टोथेकाचं लाकूड आणि साल मिळून जेमतेम २० किलो माल हाती आला, तोही १९६३ च्या सुमारास. आधी गरम हेप्टेनमध्ये उकळून मेद काढून टाकला. मग अल्कोहोलचा अर्क. तो आटवून क्लोरोफॉर्ममध्ये ओढला. पुढे क्रेगच्या उपकरणात एकमेकांत न मिसळणाऱ्या दोन द्रवांमध्ये तोच पदार्थ अकरा टप्प्यांनी वाटत नेला, कारण एका टप्प्यात जवळचे पदार्थ वेगळे होत नाहीत. त्यानंतर सिलिकाचा स्तंभ आणि शेवटी स्फटिक. फिकट पिवळे, अतिनील दिव्याखाली धरले तर निळे चमकणारे. ही निळी चमक माझ्या प्रयोगशाळेतही दिसते. नरक्याच्या वाळलेल्या लाकडाचा अर्क पातळ थराच्या काचेवर चढवून दिव्याखाली धरला की एक निळा ठिपका उठून दिसतो आणि बेंचभोवतीची बडबड थांबते. १९६६ मध्ये वॉल, वाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रचना प्रसिद्ध केली. एकमेकांना जोडलेली पाच कडी आणि त्यांतलं टोकाचं पाचवं कडं लॅक्टोनचं.

त्या पाचव्या कड्याने पुढची सगळी गोष्ट घडवली.

कॅम्प्टोथेसिन पाण्यात विरघळत नाही आणि न विरघळणारं औषध शिरेतून देता येत नाही. कर्करोग संस्थेने तेव्हा सगळ्यांत सोपा उपाय केला. रेणूला सोडियम हायड्रॉक्साइडने अल्कधर्मी केलं की लॅक्टोनचं कडं उघडतं, सोडियमचा क्षार होतो आणि तो पाण्यात छान विरघळतो. या क्षारावर १९७० च्या सुमारास रुग्णांवरच्या चाचण्या सुरू झाल्या. गाठींवर परिणाम तुटपुंजा होता आणि त्रास भयंकर. रक्तपेशी घसरल्या, मूत्राशयातून रक्तस्राव सुरू झाला. १९७२ च्या सुमारास चाचण्या थांबवल्या.

कारण आज कुठल्याही एम.फार्म.च्या मुलाला सांगता येतं. कर्कपेशी मारायला पाचवं कडं मिटलेलं असावं लागतं. उघडलं की जोर बराचसा जातो. म्हणजे रुग्णांच्या शिरेत औषधाचं दुबळं रूप सोडलं होतं. आणि मूत्र आम्लधर्मी असतं. उघडलेलं कडं मूत्राशयात पोचल्यावर परत मिटायचं. गाठीत जिथे विष हवं होतं तिथे ते नव्हतं आणि मूत्राशयात नको होतं तिथे तयार होत होतं. हे कडं मिटलेलं असणं गरजेचं आहे हे वॉल आणि वाणींनी स्वतःच मांडलेलं होतं. पण शिरेतून द्यायचं तर विरघळायला हवं, आणि विरघळवण्याचा दुसरा रस्ता तेव्हा कुणाच्या हाती नव्हता. मी यात कुणाला दोष देत नाही. मला फक्त एवढं दिसतं की त्या चाचण्यांत रक्तस्राव सोसलेल्या माणसांची नावं कुठेच नाहीत, आणि पुढची दोन्ही औषधं त्यांच्या सोसण्यातून शिकलेल्या रसायनशास्त्रावर उभी आहेत.

इथे गोष्ट आपल्या घाटाकडे वळते. स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने १९६३ मध्ये गोरेगावला संशोधन केंद्र सुरू केलं होतं. आता ते केंद्र नाही. पण स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पिढीतल्या किती रसायनशास्त्रज्ञांना तिथे हात चालवायला मिळाला, हे त्या पिढीच्या लोकांकडून ऐकावं. संचालक होते टी. आर. गोविंदाचारी. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून आलेला, भारतीय वनस्पतींतली अल्कलॉइडं शोधण्यात हयात घातलेला माणूस. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी निबंध छापला: मॅपिया फिटिडा, म्हणजे आपल्या नरक्यात, कॅम्प्टोथेसिन आहे. चिनी झाडाशी याचं जवळचं नातं नाही, कूळच वेगळं. तरी रेणू तोच, आणि पुढे दिसून आलं की चिनी झाडापेक्षा नरक्यात तो भरघोस आहे.

वर्ष बघा. अमेरिकेत चाचण्या बंद पडल्या त्याच सुमाराला गोरेगावात भरवशाचा साठा सापडला. कुणाला त्याची गरज उरली नव्हती. निबंध ग्रंथालयात गेला, नरक्या रानात राहिला. तेरा-चौदा वर्षं झाडाला कुणी हात लावला नाही.

वाणी मात्र थांबले नव्हते. त्याच बेंचवर दुसरं लाकूड आलेलं होतं. ऑगस्ट १९६२ मध्ये आर्थर बार्कले या कृषी खात्याच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने वॉशिंग्टन राज्यातल्या रानातून पॅसिफिक यू नावाच्या झाडाची साल गोळा केली होती. वाणींनी १२ किलो सालीतून अर्धा ग्रॅम शुद्ध पदार्थ काढला. वॉलनी त्याचं नाव ठेवलं टॅक्सॉल. रेणू इतका मोठा आणि गुंतागुंतीचा होता की अखंड रेणूचे स्फटिक क्ष-किरणांनी वाचता येतील असे मिळेनात. वाणींनी तो हळुवार दोन तुकड्यांत तोडला आणि ड्यूक विद्यापीठाच्या अँड्रू मॅकफेल यांनी दोन्ही तुकडे वेगवेगळे वाचले. १९७१ च्या निबंधात पहिलं नाव वाणी यांचं आहे. एका माणसाच्या हातून कर्करोगावरचे दोन वेगळे पाया-रेणू मोकळे झाले, असं उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही.

टॅक्सॉलही पडूनच राहिलं. साल मिळणं अवघड, पाण्यात विरघळणं कॅम्प्टोथेसिनसारखंच अवघड, आणि उंदरांवरचे पहिले आकडे बेताचे.

त्याची पुढची अडचण मी पुस्तकात वाचण्याआधी दवाखान्यात बघितली. माझ्या थोरल्या बहिणीला, माईला, अंडाशयाचा कर्करोग झाला तेव्हा पॅक्लिटॅक्सेल, म्हणजे हेच टॅक्सॉल, दर तीन आठवड्यांनी चढवायचे. मुख्य बाटलीआधी तासभर नुसत्या सुया चालायच्या: डेक्झामेथासोन, ॲलर्जीविरोधी औषध, रॅनिटिडिन. मग काचेची बाटली. नेहमीच्या प्लॅस्टिकच्या नळीऐवजी वेगळी नळी, मध्ये बारीक गाळणी. पहिली दहा-पंधरा मिनिटं सिस्टर खाटेशेजारून हलायच्या नाहीत, माईच्या चेहऱ्याकडे बघत राहायच्या. तीन तास ती बाटली चालायची.

“औषध एकच, मग आधी एवढ्या सुया कशाला गं?” माई विचारायची.

“बाटलीत औषधाबरोबर एरंडेल आहे म्हणून.”

“एरंडेल? आजी द्यायची ते?”

तेच, प्रक्रिया केलेलं. पाण्यात न विरघळणारं टॅक्सॉल विरघळवायला एरंडेलापासून बनवलेलं क्रेमोफोर नावाचं द्रावक वापरतात. १९८४ मध्ये रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या तेव्हा त्याच्यामुळे तीव्र ॲलर्जी येऊ लागली, रक्तदाब कोसळू लागला. औषधाचा अभ्यास तिथेच संपला असता. कुणीतरी ठरवलं की औषध तेच ठेवू, पण सावकाश चढवू, आधी स्टेरॉइड आणि ॲलर्जीविरोधी औषधं देऊ. हेच द्रावक नेहमीच्या प्लॅस्टिकमधली द्रव्यं ओढून घेतं, म्हणून काचेची बाटली आणि वेगळी नळी. माईच्या हाताला लागलेल्या प्रत्येक सुईमागे आणि त्या नळीमागे त्या चाचण्यांतला एकेक अनुभव होता. पुढे एरंडेल टाळून अल्ब्युमिन या प्रथिनाला बांधलेलं पॅक्लिटॅक्सेल आलं, २००५ मध्ये. माईच्या वेळी ते बाजारात होतं, पण आमच्या ऐपतीबाहेरचं.

टॅक्सॉलच्या सालीचा प्रश्न कसा सुटला, ते थोडक्यात सांगते. पॅसिफिक यू फार सावकाश वाढतो, आणि साल सोलली की झाड मरतं. एका रुग्णाच्या पूर्ण उपचाराला अनेक जुनी झाडं लागत. फ्रान्समध्ये पिएर पोतिए यांना युरोपीय यूच्या पानांत टॅक्सॉलचा अर्धा-अधिक सांगाडा तयार सापडला. फ्लोरिडाच्या रॉबर्ट होल्टन यांनी त्याला उरलेली बाजू जोडायची व्यवहार्य रीत काढली. पानं खुडली तर झाड जगतं, पुन्हा फुटतं. नंतर यूच्या पेशी टाक्यांत वाढवूनच औषध काढू लागले. तोवर आपल्या हिमालयातल्या यूचं, थुनेरचं, नुकसान होऊन गेलं होतं. पॅक्लिटॅक्सेल २९ डिसेंबर १९९२ ला अमेरिकेत मंजूर झालं. रेणूवर पेटंट नव्हतं. तरी सरकारी पैशातून झालेल्या चाचण्यांच्या आधारे एकाच कंपनीला विक्रीची मक्तेदारी मिळाली आणि टॅक्सॉल हे शोधकांनी ठेवलेलं नाव त्या कंपनीचा ट्रेडमार्क झालं. शास्त्रज्ञांना आपल्याच पदार्थाला दुसऱ्या नावाने हाक मारावी लागली. हे मला आजही खटकतं.

पण दोन्ही रेणू अडगळीतून बाहेर आले कसे? चाचण्यांनी नव्हे, पैशानेही नव्हे. दोन प्रश्नांनी. न्यूयॉर्कमध्ये सुझन हॉरविट्झ यांनी विचारलं, टॅक्सॉल पेशीत नेमकं करतं काय? १९७९ मध्ये उत्तर छापलं. पेशी दुभंगताना सूक्ष्मनलिका बनतात आणि मोडतात. टॅक्सॉल त्यांना मोडूच देत नाही, आणि पेशी दुभंगायच्या अवस्थेत अडकून पडते. असं वागणारा दुसरा पदार्थ तोवर कुणी बघितला नव्हता. कर्करोग संस्थेची मरगळ यानंतर गेली.

दुसरा प्रश्न बाल्टिमोरच्या लेरॉय लिऊ यांचा. पेशीतला डीएनए वळलेला असतो आणि त्याची नक्कल करताना पीळ वाढत जातो, जसा विहिरीच्या सोंदराला एका टोकाने उकलायला गेलं की पुढे गाठ बसते. पेशीत एक विकर आहे, टोपोआयसोमरेज-१. ते डीएनएचा एक धागा कापतं, पीळ सुटू देतं आणि कापलेलं लगेच सांधतं. १९८५ मध्ये लिऊ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कॅम्प्टोथेसिन नेमकं त्या क्षणी जाऊन बसतं, कापल्यानंतर आणि सांधण्याआधी. धागा तुटलेलाच राहतो. नक्कल करणारी यंत्रणा येऊन त्यावर आदळते आणि पेशी मरते. भराभर दुभंगणाऱ्या पेशीत हे वारंवार घडतं.

या एका निबंधाने बंद वाट उघडली. लक्ष्य कळलं, म्हणजे नवीन रेणू उंदरांवर जाण्याआधी परीक्षानळीत विकरावर तपासता येऊ लागला. पाचवं कडं मिटलेलं ठेवायचं आणि विरघळण्याची सोय दुसऱ्या टोकाला करायची, हे रसायनशास्त्रज्ञांना स्पष्ट झालं. तसे दोन रेणू पुढे औषध झाले. टोपोटेकन अमेरिकेत १९९६ मध्ये अंडाशयाच्या कर्करोगासाठी मंजूर झालं. दुसरं इरिनोटेकन, ते जपानमध्ये याकुल्ट कंपनीकडे जन्मलं. आपल्याकडे मुलं जिच्या छोट्या बाटल्यांतलं आंबवलेलं दूध पितात, तीच कंपनी. जपानमध्ये १९९४ ला आणि अमेरिकेत १९९६ ला ते आलं आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या उपचाराचा कणा झालं. त्यातही खोट आहे. शरीरात त्याचं एसएन-३८ हे जहाल रूप होतं, ते आतड्यात उतरलं की जीवघेणे जुलाब होतात, आणि काही माणसांच्या यकृतात ते निष्प्रभ करणारं विकर जन्मतःच दुबळं असतं. अशा रुग्णाला इतरांएवढा डोस दिला तर तो सोसत नाही. माणसामाणसाच्या जनुकांनुसार डोस ठरवावा, ही कल्पना दवाखान्यापर्यंत आणणाऱ्या औषधांत इरिनोटेकन अगदी पुढचं आहे.

आणि दोन्ही औषधांचा कच्चा माल म्हणजे झाडातून काढलेलं कॅम्प्टोथेसिन. प्रयोगशाळेत ते पूर्णपणे बनवता येतं, वाणींच्या गटानेही तो मार्ग आखला होता, पण मोठ्या प्रमाणावर झाडातून काढणं स्वस्त पडतं. चीनमध्ये त्यांचं झाड. भारतात नरक्या.

राधानगरीच्या वरच्या अंगाला एका वाडीतले आजोबा आम्हाला वाट दाखवायला येतात. मागे एकदा त्यांनी उतारावरची एक मोकळी जागा काठीने दाखवली. “बाई, ट्रकच्या ट्रक गेलं बघा हितनं. आदी लाकूड तोडायचं, मग म्हणालं मुळात जास्ती माल हाय. मग मुळंबी खणली.”

हे त्यांच्या तोंडून आलं तेव्हा मला पुढचं विचारायची गरज राहिली नाही. नरक्या जमिनीवर हातभर खुंट ठेवून तोडला तर पुन्हा फुटतो. मूळ उपटलं की तिथलं झाड संपलं. नव्वदच्या दशकापासून या झाडाची अशी लूट झाली. तज्ज्ञांनी त्याला असुरक्षित जातींत धरलं, वन खात्याने वाहतुकीवर बंधनं घातली, आणि तरीही घाटाच्या तोंडाशी नरक्याच्या ढलप्यांची पोती पकडल्याच्या बातम्या आजही येतात. ढलप्या फोडणाऱ्याला मजुरी मिळते तेवढीच. माल कुठे जातो, त्याचं काय होतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

यावर शास्त्राने उत्तर शोधलेलं नाही असं नाही. २००५ मध्ये जम्मूच्या संशोधकांनी दाखवलं की नरक्याच्या आत राहणारी एक बुरशी स्वतःच कॅम्प्टोथेसिन बनवते. मोठी आशा वाटली होती. पण झाडाबाहेर काढून पिढ्यान्‌पिढ्या वाढवल्यावर अशा बुरशा उत्पादन कमी करत जातात. कारखाना त्यांच्यावर उभा राहिला नाही. पानं आणि कोवळ्या फांद्या छाटून माल घेण्याची रीत, रोपवाटिका, जास्त माल असलेल्या झाडांची निवड, यांवर आपल्याकडच्या विद्यापीठांत बरंच काम झालं आहे. यूच्या बाबतीत पानांनी झाड वाचवलं. इथे तसं व्हायला रसायनशास्त्र आड येत नाही. झाड वाचवण्यात कुणाचा फायदा आहे, एवढाच प्रश्न आहे.

कॅम्प्टोथेसिनचा सगळ्यांत नवा अवतार मात्र मला थक्क करतो. कर्कपेशीच्या पृष्ठभागावर विशिष्ट प्रथिनं असतात. तीच ओळखणारं प्रतिपिंड घ्यायचं आणि त्याला कॅम्प्टोथेसिनच्या कुळातला जहाल रेणू बारीक दुव्याने बांधायचा. प्रतिपिंड पेशीला चिकटतं, आत ओढलं जातं, दुवा तुटतो आणि रेणू तिथे मोकळा होतो. १९७२ मध्ये जे विष मूत्राशयात जाऊन मोकळं होत होतं, ते आता बरंचसं गाठीत जाऊन मोकळं होतं. ट्रॅस्टुझुमॅब डेरुक्सटेकन डिसेंबर २०१९ मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी मंजूर झालं. एसएन-३८ बांधलेलं सॅसिटुझुमॅब गोविटेकन मंजूर झालं एप्रिल २०२० मध्ये. त्याच महिन्यात मनसुख वाणी वारले, ९५ वर्षांचे होऊन. करोनाच्या टाळेबंदीत ती बातमी आपल्याकडे फारशी कुणाला कळली नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मी फोनवर कळवली.

या औषधांनी जुलाब गेले नाहीत, आणि डेरुक्सटेकनने काही रुग्णांच्या फुप्फुसांना इजा होते, म्हणून खोकला येताच कळवा असं बजावावं लागतं. किंमत लाखांत आहे. माईसारख्या घरांत ती बाटली पोचायला अजून काळ जाणार आहे, आणि तो काळ रसायनशास्त्राच्या अडचणीमुळे जाणार नाही. मला राग येतो तो याचा.

जैवविविधता कायदा २००२ चा. त्यानुसार गावोगावी लोकजैवविविधता नोंदवही करायची असते: रानात काय आहे, त्याचा उपयोग काय, कोण वापरतं. आजोबांच्या वाडीची नोंदवही भरायला आमचं महाविद्यालय मदत करतं. नरक्याच्या ओळीत उपयोगाच्या रकान्यात आधी कुणीतरी लिहून ठेवलं होतं, सरपण. मुलींनी त्याखाली लिहिलं: लाकडात व मुळात कॅम्प्टोथेसिन, त्यापासून टोपोटेकन व इरिनोटेकन, नोंद प्रथम गोरेगाव, १९७२. ग्रामसभेत ती ओळ वाचून दाखवली तेव्हा मागच्या बाजूने एका तरुण मुलाने विचारलं, आपल्या वरकस जमिनीत नरक्या लावला आणि फक्त पानं विकली तर चालतं का, आणि वाहतुकीचा परवाना कोण देतं. त्याचा अर्ज आम्ही वनपरिक्षेत्र कार्यालयात दिला आहे. रोपं तयार आहेत, बियाणं याच रानातलं.